ॲप बंद पडतं तेव्हाचा धडा

मोबाइल ॲप करायला शिकायचं मनावर घेतलेल्या मुलामुलींना आज धड्यांची वानवा नाही. यूट्यूबवर इंग्रजीत आहेत, हिंदीत तर ढिगाने आहेत, मराठीतही शोधले तर सापडतात, आणि बहुतेक सगळे फुकट. तरीही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातली, बीसीए-बीसीएसची, नोकरी सांभाळून रात्री शिकू पाहणारी कितीतरी मंडळी तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओपाशी थांबतात. व्हिडिओत दिसलं ते अक्षरन्‌अक्षर टाइप केलेलं असतं. तिथे ते चालतं, आपल्या लॅपटॉपवर मात्र लाल अक्षरांची रांग लागते. दोन रात्री त्यात गेल्या की 'हे आपल्याला जमणारं नाही' असं मनाशी ठरून जातं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की चूक बहुतेक वेळा शिकणाऱ्याची नसतेच. धडा शिळा झालेला असतो आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एक नेहमीचा नमुना घेऊ. इंटरनेटवरून हवामानाची माहिती आणून दाखवणारं छोटं अँड्रॉइड ॲप, आणि ते शिकवणारा २०१६च्या सुमाराचा व्हिडिओ. इतरांनी लिहिलेला तयार कोड आपल्या ॲपमध्ये घ्यायचा तर ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते. तेव्हा ती 'कंपाइल' या शब्दाने सुरू व्हायची. २०१७मध्ये तिथे 'इम्प्लिमेंटेशन' आलं आणि २०२१च्या ग्रेडल ७मधून जुना शब्द काढूनच टाकला. तो तयार कोड ज्या भांडारातून यायचा, ते 'जेसेंटर' बंद करत असल्याचं जेफ्रॉग कंपनीने २०२१मध्येच जाहीर केलं. माहिती येईपर्यंत स्क्रीन गोठू नये म्हणून धड्यात 'असिंक टास्क' वापरलेला असतो. अँड्रॉइड ११ आलं तेव्हा, २०२० साली, तोही वापरू नये अशा गोष्टींच्या यादीत गेला. एका छोट्या व्हिडिओत तीन ठिकाणी पायाखालची जमीन सरकलेली. शिकवणाऱ्याने मनापासून आणि बरोबर शिकवलेलं होतं. त्या वर्षी ते चालतही होतं.

हे क्षेत्र असं का सरकत राहतं, ते थोडं मागे जाऊन पाहावं लागतं. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८मध्ये उघडलं आणि अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच वर्षी बाजारात आला. अँड्रॉइडची ॲप तेव्हा जावा भाषेत आणि एक्लिप्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली जायची. २०१३मध्ये गुगलने अँड्रॉइड स्टुडिओ आणला, २०१४च्या अखेरीस त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि एक्लिप्सवरचे सगळे धडे एका फटक्यात जुने झाले. २०१७मध्ये जेटब्रेन्स कंपनीच्या कोटलिन भाषेला गुगलने अधिकृत मान्यता दिली, २०१९मध्ये तिलाच पहिली पसंती असल्याचं सांगितलं. मग जुलै २०२१मध्ये जेटपॅक कंपोज आलं, आणि स्क्रीन रचायची पद्धतच बदलली. आधी स्क्रीनची मांडणी एक्सएमएल फाइलीत वेगळी लिहायची आणि कोडमधून तिच्यापर्यंत पोचायचं. आता मांडणीही कोटलिनमध्येच लिहायची. आयफोनकडेही असंच झालं. २०१४मध्ये स्विफ्ट भाषा आली, २०१९मध्ये स्विफ्टयूआय. एकाच कोडमधून दोन्हीकडचं ॲप देणारं फ्लटर घ्या: त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ची. त्या वेळच्या धड्यात 'रेझ्ड बटन' लिहायला सांगतात. ते बटण आता फ्लटरमध्येच नाही. त्याच्या जागी 'एलिव्हेटेड बटन' आहे. त्यात २०२१मध्ये फ्लटरच्या डार्ट भाषेत नल सेफ्टी, म्हणजे रिकाम्या मूल्यांमुळे होणाऱ्या चुका आधीच पकडण्याची सोय, आली आणि २०२३च्या डार्ट ३पासून ती सक्तीची झाली. त्याआधीचे बरेचसे धडे आज जसेच्या तसे चालत नाहीत.

म्हणून धडा निवडताना मी पहिल्यांदा तारीख बघायला सांगतो, आणि लगेच दुसरी गोष्ट: शिकवणाऱ्याने आवृत्त्या सांगितल्या आहेत का? अँड्रॉइड स्टुडिओ कोणता, कोटलिन कोणतं, फोनवर अँड्रॉइड कितवं. जो माणूस सुरुवातीलाच हे सांगतो, त्याला आपला धडा जुना होणार आहे याची जाण असते, आणि अशी माणसं पुढेही जपून शिकवतात. प्रेक्षकसंख्येवर मात्र अजिबात जाऊ नये. आठ वर्षं पडून राहिलेल्या व्हिडिओला लाखो प्रेक्षक मिळतात ते त्याच्या वयामुळे, आणि शोधताना तोच वर दिसत राहतो.

एक्सएमएलवरचं सगळं टाकून द्यावं असं मात्र नाही. कितीतरी चालू ॲपचा गाभा अजून त्याच पद्धतीचा आहे आणि नोकरीत पहिल्या दिवशी तेच समोर येऊ शकतं. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन्ही पद्धतींचे धडे एकत्र करू नयेत. अर्धा धडा इथला आणि अर्धा तिथला जोडून बसवलेलं ॲप सहसा उभं राहत नाही, आणि का राहत नाही ते नवख्याला कळायला मार्ग नसतो. चॅटजीपीटीसारख्या सहायकांना विचारतानाही हाच घोळ होतो. अनेक वर्षांचा कोड त्यांनी वाचलेला असतो, त्यामुळे नेमकी आवृत्ती सांगितली नाही तर जुनं आणि नवं एकाच उत्तरात मिसळून येतं. ज्याला एरर वाचता येते त्याला या सहायकांचा चांगला उपयोग होतो. ज्याला ती अजून येत नाही, तो एका चुकीतून दुसऱ्या चुकीत जातो.

तारीख ताजी आहे, आवृत्ती सांगितली आहे, तरी धडा चांगला असेलच असं नाही. इथे ॲपचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीचं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. १९८०च्या दशकात जॉन कॅरोल हे संशोधक आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात होते. ऑफिसात काम करणारी, संगणकाची फारशी सवय नसलेली माणसं वर्ड प्रोसेसर कसा शिकतात, हे ते आणि त्यांचे सहकारी शेजारी बसून बघत. कंपनीने जाडजूड, पायरीपायरीने नेणाऱ्या पुस्तिका दिल्या होत्या. माणसं त्या वाचतच नव्हती. दोन पानं चाळून थेट हात घालत, पायऱ्या ओलांडत, मध्येच आपलं एखादं पत्र टाइप करून बघत. मग काहीतरी चुकायचं. पुस्तिकेत मात्र सगळं बरोबर झाल्याचीच वर्णनं होती, त्यामुळे चुकल्यावर परत वाटेवर कसं यायचं ते तिथे सापडायचं नाही.

कॅरोल यांनी मग मूळ पुस्तिकेच्या मानाने खूपच लहान अशी पुस्तिका तयार केली. प्रस्तावना, स्तुती, पुनरुक्ती काढून टाकली, वाचणाऱ्याला पहिल्याच पानापासून खरं काम दिलं, आणि कुठे चुकायची शक्यता आहे व चुकल्यावर काय करायचं, याला मुद्दाम जागा दिली. लहान पुस्तिका वापरणारे लवकर शिकले. हे सगळं त्यांनी १९९०मध्ये 'द न्यूर्नबर्ग फनेल' या पुस्तकात मांडलं. डोक्याला नरसाळं लावून ज्ञान आत ओतता येईल, या जर्मनीतल्या जुन्या कल्पनेवरून ते नाव आलं, आणि असं नरसाळं नसतं हेच पुस्तकाचं म्हणणं आहे. आजच्या दहा तासांच्या 'संपूर्ण ॲप डेव्हलपमेंट एकाच व्हिडिओत' छापाच्या धड्यांकडे बघताना मला त्या जाड पुस्तिका आठवतात. अशा व्हिडिओंत शिकवणाऱ्याचं ॲप कधीच बंद पडत नाही. पडलं असेल तर तो भाग कापलेला असतो.

चुकण्याला जागा देणारा धडा कसा असतो, हे एका उदाहरणातून नीट दिसतं. गुगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा फुकट अभ्यासक्रम आहे, लेखी आणि पायऱ्यापायऱ्यांचा. सुरुवातीला वाढदिवसाचं शुभेच्छापत्र, मग बटण दाबलं की फासा पडणारं ॲप, टिप किती द्यायची ते काढणारं ॲप, अशी त्याची चढण आहे. पुढे 'डेझर्ट क्लिकर' नावाचं एक ॲप येतं. पडद्यावर कपकेकचं चित्र असतं. त्यावर टॅप केलं की एक विकला जातो, खाली विकलेल्यांची संख्या आणि जमलेले पैसे वाढतात. ॲप चालू स्थितीत हातात दिलेलं असतं. शिकणाऱ्याने आधी त्यात फक्त नोंदी घालायच्या: ॲप उघडलं, समोर आलं, मागे गेलं, बंद झालं, अशा प्रत्येक टप्प्यावर लॉगकॅटमध्ये, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओतल्या नोंदींच्या खिडकीत, एक ओळ उमटेल अशी व्यवस्था. मग होम बटण दाबून बघ, परत ये, दुसरं ॲप उघड, असं सांगत धडा त्या ओळी वाचायला लावतो.

आणि मग तो सांगतो, फोन आडवा कर.

शिकणारा फोन आडवा करतो आणि विकलेले सगळे पदार्थ, जमलेले सगळे पैसे शून्यावर येतात. लॉगकॅटमध्ये दिसतं, की स्क्रीन फिरताच अँड्रॉइडने ती मोडून पुन्हा नवी उभी केली. 'रिमेंबर' लिहून जपलेला आकडा त्या मोडतोडीत गेला. त्याच्या जागी 'रिमेंबर सेव्हेबल' लिहायचं, पुन्हा फोन फिरवायचा, आकडा जागच्या जागी. दुरुस्ती एका शब्दाची आहे, पण आकडा नाहीसा झालेला आधी डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे पुढे कुठल्याही ॲपमध्ये फॉर्म भरताना फोन फिरला आणि मजकूर गेला, की काय झालं असेल ते शिकणाऱ्याला लगेच सुचतं. 'रिमेंबर सेव्हेबल वापरा, हे चांगलं असतं' असं सांगून पुढे गेलेल्या धड्यातून हे येत नाही.

म्हणून धडा पारखताना त्यातली एखादी चूक शोधावी. शिकवणारा एरर उघडून वाचून दाखवतो का, कुठल्या ओळीपासून वाचायला सुरुवात करायची ते सांगतो का? लाल अक्षरांच्या पन्नास ओळींत कामाच्या दोन-तीनच असतात: 'कॉज्ड बाय'ने सुरू होणारी ओळ आणि तिच्या खालची आपल्या स्वतःच्या फाइलीचं नाव असलेली पहिली ओळ. एवढं ज्याला वाचता येतं तो पुढचं बरंचसं स्वतः शोधतो. ही गोष्ट शिकवणारा धडा दिसायला साधा असला तरी धरून ठेवावा.

व्हिडिओ की लेखी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. फिलिप गुओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारणपणे सहा मिनिटांच्या वर त्यात गुंतून राहत नव्हते. याचा अर्थ लांब व्हिडिओ वाईटच असा मी घेत नाही. स्टॅनफर्डमध्ये पॉल हेगार्टी आयफोन ॲपचा 'सीएस१९३पी' हा वर्ग घेतात. त्याची व्याख्यानं वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी खुली आहेत, प्रत्येकी तासाभराच्या आगेमागे, आणि २०२०पासून ती स्विफ्टयूआयवर आहेत. त्यातल्या अनेक वर्षांच्या व्याख्यानांत हेगार्टी वर्गासमोर जोड्या जुळवण्याचा पत्त्यांचा खेळ शून्यातून लिहीत जातात. लिहिताना त्यांच्या मनात काय चाललं आहे ते ऐकायला मिळतं, हा त्या व्याख्यानांचा खरा लाभ. पण वर्गाचा जीव व्याख्यानात नाही, सोबत दिलेल्या गृहपाठात आहे. पहिल्या गृहपाठात वर्गातला खेळ स्वतः टाइप करून उभा करायचा, कॉपी-पेस्ट न करता, आणि मग त्यात व्याख्यानात न दाखवलेल्या गोष्टी घालायच्या. अनेकजण नुसती व्याख्यानं बघतात आणि गृहपाठ उघडतही नाहीत. त्यांना महिनाभरानंतर कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. ज्या धड्यासोबत असा गृहपाठ नसेल, त्याला तो आपण जोडून घ्यावा: फाशाच्या ॲपमध्ये दोन फासे टाका, बेरीज दाखवा, मागचे दहा डाव लक्षात ठेवा.

आता यंत्राचं. धडे देणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर महागडा मॅक असतो, आणि आपल्याकडे घरोघरी वेगळी स्थिती आहे. आयफोनचं ॲप करायचं तर ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. ज्याच्याकडे मॅक नाही त्याने ती वाट सध्या सोडून अँड्रॉइड धरावं, यात कमीपणा काही नाही. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते, आणि लॅपटॉपवरच आभासी फोन, म्हणजे इम्युलेटर, चालवायचा तर गुगल १६ जीबी सांगतं. चांगला धडा इथेच सांगतो, की इम्युलेटर सोडा, स्वतःचा फोन केबलने जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' शोधून त्यावर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग सुरू करायचं. लॅपटॉप हँग होणं थांबतं आणि आपलं ॲप आपल्या हातातल्या फोनवर उमटतं, त्याचा आनंद निराळाच. अँड्रॉइड स्टुडिओ बसवताना पहिल्या वेळी काही जीबी डाउनलोड होतं. मोबाइलच्या डेटावर ते एका दिवसात संपत नाही, म्हणून कॉलेजचं किंवा कुणाचं वायफाय गाठावं. लॅपटॉप फारच जुना असेल, किंवा शिकणारा सातवी-आठवीतला असेल, तर एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर आहे. २०१०मध्ये गुगलमध्ये सुरू झालेलं आणि पुढे एमआयटीत गेलेलं हे साधन ब्राउझरमध्ये चालतं, ठोकळे जोडून ॲप होतं, आणि क्यूआर कोड स्कॅन करून ते फोनवर लगेच बघता येतं. शाळांमध्ये याचा वापर व्हायला हवा तेवढा होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठीतून शिकता येईल का? येईल, आणि ते कसं करावं याचा एक उत्तम नमुना आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. लिनक्स, लिबर ऑफिस, सी, जावा, पायथन अशा विषयांवरचे साधारण दहा मिनिटांचे धडे, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच ठेवलेली, कारण नोकरीत समोर येणारं सॉफ्टवेअर इंग्रजीतच असतं. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ थांबवत थांबवत सोबत करत जायचं, अशी त्यांची पद्धत. धड्याची संहिता लिहून झाल्यावर ती त्या विषयात नवख्या असलेल्या माणसाकडून करून बघितली जाते. त्याचं अडलं तर धडा बदलतो. मराठीत ॲपचे धडे करणाऱ्या प्रत्येकाने ही एक पायरी उचलावी, असं मी आग्रहाने म्हणेन. बहुतेक व्हिडिओ नवख्याने कधी करून बघितलेलेच नसतात, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत जाणवतं.

मराठी धड्यांचं काम भाषांतरापाशी संपतही नाही. काही अडचणी इंग्रजी धड्यांत येणारच नाहीत, कारण त्या आपल्याच फोनवर येतात. गावातल्या दूध संकलनाची नोंद ठेवणारं ॲप समजा. धड्यात शिकवल्याप्रमाणे 'सिंपल डेट फॉरमॅट'ला फोनची भाषा देऊन तारीख तयार केली आणि सर्व्हरला पाठवली. करणाऱ्याचा फोन इंग्रजीत, सगळं सुरळीत. संकलन करणाऱ्याचा फोन मराठीत असतो, आणि मराठीसाठी अँड्रॉइडचे नेहमीचे आकडे देवनागरी आहेत. सर्व्हरकडे तारीख देवनागरी अंकांत जाते आणि नोंद नाकारली जाते. उपाय सोपा आहे: यंत्राने वाचायच्या तारखेला 'लोकॅल डॉट यूएस' सांगायचं, माणसाने वाचायच्या तारखेला फोनची भाषा. पण हे माहीत नसलेला माणूस आठवडाभर नेटवर्कला दोष देत बसतो. तसंच उंची बांधून टाकलेल्या बटणाचं. इंग्रजी अक्षरं त्यात छान बसतात, देवनागरीत वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. मराठी मजकूर कोडमध्ये न लिहिता 'व्हॅल्यूज-एमआर' फोल्डरमधल्या फाइलीत ठेवावा, म्हणजे फोनची भाषा बदलली की ॲपची भाषा आपोआप बदलते. या तीन गोष्टींवर मराठीत तीन नीट धडे झाले, तरी नव्याने शिकणाऱ्यांचे खूप श्रम वाचतील.

धडे करता करता एक दिवस स्वतःचं ॲप प्ले स्टोअरवर टाकावंसं वाटतं. तिथला भाग बहुतेक धडे घाईत उरकतात. खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. ॲपलकडे दर वर्षी ९९. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोव्हेंबर २०२३च्या मध्यानंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४पासून १२ लागतात, आणि त्यांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायचं असतं. पैसे घेऊन असे चाचणीकर्ते पुरवणारेही निघाले आहेत. त्यांच्याकडे जाऊ नये, कारण ॲप खरोखर वापरून बघणारी माणसं याआधी कधी मिळालेली नसतात, ती मिळवण्याची संधी हीच असते. घरातून, वर्गातून, गल्लीतून बाराजण जमवावेत. त्यातल्या चौघांचे तरी फोन मराठीत असावेत, एखादा चार-पाच वर्षांपूर्वीचा, मेमरी भरत आलेला असावा, एकाचं नेटवर्क दिवसातून दोनदा जाणारं असावं, आणि एकजण असा असावा की ज्याला हे ॲप कशासाठी आहे ते आधी सांगितलेलं नाही.